मधला श्वास

डॉक्टरबाईंनी माझ्या नाकातून आत सोडलेली बारीक नळी हळूच बाहेर काढली, हातमोजे उतरवले आणि पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझ्याच घशाचं चित्र होतं. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यातल्या डावीवर एक लाल डाग.

"रक्त साकळलंय," त्या म्हणाल्या. "गायचं नाही. बोलायचंही नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने ताण जास्त पडतो."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्या छोट्या जर्मन शहरातल्या सगळ्या गाणाऱ्यांचे घसे याच बाई बघायच्या, त्यामुळे संध्याकाळी माझा पहिला मोठा प्रयोग आहे हे त्यांना माहीत होतं.

"आज कदाचित गाऊ शकालही," त्या म्हणाल्या. "पुढे कधी गाऊ शकाल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

मी दोन्ही हातांनी खुणा करून सांगत होते की चालेल, माझी तयारी आहे, आजचा दिवस गाऊ द्या. त्यांनी ते समजून घेतलं, मानेनेच नाही म्हटलं आणि माझ्यासमोरच थिएटरला फोन लावला. गळा माझा, पण त्याचं काय करायचं हे ठरवताना मला कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं.

मी खुर्चीवर तशीच बसून राहिले. डोक्यात एकच होतं. पप्पा आलेत.

पप्पा म्हणजे शमुवेल त्रिभुवन, अहमदनगरच्या एका लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले. सोनेरी झालरीचा लाल कोट घालून ते उभा जन्म दुसऱ्यांच्या वरातीपुढे चालले. पूर्वी बँड नुसता वाजायचा. मग बँडबरोबर गाडी आली, गाडीवर भोंगे आले, आणि ते भोंगे नेमके पप्पांच्या डाव्या हाताला. डावा कान आधी गेला, त्याच्या मागोमाग उजवाही निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस सुकत चाललीय, उन्हाळ्यापर्यंत कान साथ देईल, मग यंत्र लावलं तर बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही. त्याच आठवड्यात पप्पांचा मला फोन आला. "कान हाये तवर येऊन जातो." लग्नसराईत एक सुपारी न चुकवणारा माणूस ऐन सराईत बँड सोडून, चुलतभावाचा लोकरी कोट मागून घेऊन, जन्मात पहिल्यांदा विमानात बसला. माझा आवाज ऐकायला.

तसा माझा आवाज त्यांनी फोनवर ऐकला होता. पण फोनवर सगळंच चिरकं येतं. आमच्या आत्याच्या मते तर मी एवढ्या लांब जाऊन फक्त मोठ्याने किंचाळायला शिकले होते. "सुवार्ता, तुला कुणी मारतं का गं तिथं?" असं ती दर नाताळला विचारायची, आणि घर हसायचं.

पण माझं शिक्षण जर्मनीत नाही, आमच्या अंगणात सुरू झालं होतं. चर्चमध्ये रविवारी गाणारी मुलं खांदे वर करून श्वास घ्यायची, ते पप्पांना बघवायचं नाही. ते मला अंगणात उभं करायचे, पाठीवर कमरेच्या जरा वर आपला तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, "हात ढकल." श्वास घेतल्यावर त्यांचा हात मागे ढकलला गेला नाही तर तो श्वास धरायचाच नाही. मग ओळ गायची, आणि हात हळूहळू परत आत आला पाहिजे. ओळीच्या मध्येच कुठे श्वास घेतला की पाठीवर चापट. "मधी तोडायची नाही. वरातीत लोक नाचत असत्यात, त्यांचा पाय अडतो."

पुढे पुण्याच्या कॅम्पात एका म्हाताऱ्या मिसबाईंकडे शिकले, मग शिष्यवृत्ती मिळाली आणि इकडे आले. इथल्या माझ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला थांबवून विचारलं की श्वास कुणी शिकवला. मी म्हटलं, लग्नाच्या बँडने. त्यांना तो विनोद वाटला. त्यांनी माझा आवाज घासूनपुसून घेतला, वरचे सूर मोकळे केले, भाषा शिकवली, उभं राहायला शिकवलं. श्वासाला मात्र हात लावला नाही. चार वर्षांनी या थिएटरात नोकरी लागली. पहिलं वर्ष मोलकरणी आणि मैत्रिणी करण्यात गेलं. मग एका ऑपेरातल्या धाकट्या बहिणीचं काम मिळालं. नाटकभर तिचंच गाणं, आणि तिसऱ्या अंकात खिडकीशी उभं राहून गायची एक लांबच लांब ओळ, जी बहुतेक जणी मध्ये एकदा श्वास घेऊन गातात. तालमीत मी ती एका श्वासात गायचे. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

दवाखान्यातून थिएटरात पोहोचले तर मॅनेजर ब्रांट दारातच उभे होते. त्यांनी सगळी व्यवस्था करूनही टाकली होती. शेजारच्या शहरातल्या थिएटरात काट्रिन नावाच्या गायिकेला ही भूमिका पाठ होती, ती गाडीने निघाली होती. पण आमच्या प्रयोगात कुठून यायचं, कुठे बसायचं, कुणाचा हात कधी धरायचा, हे तिला ठाऊक नव्हतं.

"तेव्हा नेहमीसारखं करू," ब्रांट म्हणाले. "तू अभिनय कर, ती बाजूला उभी राहून गाईल."

ही त्यांच्याकडची जुनी रीत आहे. गाणारी आजारी पडली पण चालू-फिरू शकते, तर ती वेश चढवून रंगमंचावर वावरते, नुसतं तोंड हलवते, आणि दुसरी कोणी काळे कपडे घालून कोपऱ्यात स्वरलिपीची वही समोर ठेवून गाते. पडदा वर जायच्या आधी मॅनेजर येऊन तसं जाहीर करतात. आपल्याकडे असं केलं तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील. तिथे टाळ्या वाजवतात. आजारी असून उभी राहिली म्हणून तिला, आणि धावून आली म्हणून दुसरीला.

मी मान हलवून नाही म्हटलं. मला घरी जायचं होतं, पप्पांना घेऊन कुठेतरी चहा प्यायचा होता. ब्रांट तसे भले गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावलं की सगळी तिकिटं गेली आहेत, वाद्यवृंद आलेला आहे, दुसरं काही करण्यासारखं नाही. मी कागदावर लिहिलं, वडील आले आहेत. ते वाचून ते खूश झाले. म्हणाले, "मग तर उत्तमच, त्यांना निदान तू दिसशील तरी."

पप्पांना आधी सांगावं, एवढंच हातात होतं, पण तेही जमलं नाही. माझी घरमालकीण त्यांना शहर दाखवायला घेऊन गेली होती आणि तिथून परस्पर थिएटरात आणून सोडणार होती. तिला मी दोनदा मेसेज केला. तिने तो उघडला तेव्हा प्रयोग संपला होता.

काट्रिन आली ती घाईघाईत, अर्धं सँडविच हातात घेऊन. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, मायाळू बाई. तिने माझी वही मागून घेतली, भराभर पानं उलटली आणि तिसऱ्या अंकापाशी थांबली.

"इथे श्वासाची खूण नाही केलीस?"

मी मान हलवली.

"म्हणजे सगळी एका दमात?" ती हसली. "नाही बाई, माझी फुप्फुसं तेवढी नाहीत. मी इथे घेईन." तिने पेन्सिलीने माझ्या वहीत ओळीच्या मधोमध एक स्वल्पविराम काढला.

दिग्दर्शक शेजारीच होते. त्यांनी मला बजावलं की तिच्या श्वासावर श्वास घे. लोकांना आधी सांगितलेलं असतं, पण दोन माणसांचे श्वास जुळले की पाच मिनिटांत ते विसरतात आणि त्यांना वाटतं तूच गातेयस. तू फक्त त्यांना विसरू दे.

पप्पांची जागा मी महिन्यापूर्वीच हट्टाने मागून घेतली होती. वरच्या सज्जात डाव्या टोकाला, म्हणजे त्यांचा चांगला, उजवा कान रंगमंचाकडे राहील. आणि काट्रिनला उभं केलं ते खाली डाव्या कोपऱ्यात, त्या सज्जाच्या बरोब्बर पोटाखाली. साऱ्या थिएटरात ती दिसणार नाही अशा चार-दोनच जागा होत्या आणि त्यातली एक मी माझ्या हाताने पप्पांना दिली होती. शिवाय एका कानाच्या माणसाला आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळत नाही. हे मला पप्पांनीच सांगितलं होतं, एकदा रस्त्यात मागून आलेल्या रिक्षाखाली येता येता वाचले तेव्हा.

पडद्याआड उभी राहून मी ब्रांटना जाहीर करताना ऐकलं. जर्मनमध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्याच्या फटीतून वर बघितलं, तर पप्पाही टाळ्या वाजवत होते, सगळे वाजवतात म्हणून.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. माझं तोंड उघडायचं आणि तिचा आवाज यायचा. पहिल्या काही ओळींना लोकांच्या माना डाव्या कोपऱ्याकडे वळल्या, मग परत माझ्याकडे आल्या आणि माझ्यावरच राहिल्या. दिग्दर्शक म्हणाले तसंच झालं. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते. काट्रिन सुरेख गात होती. तिचा आवाज माझ्यापेक्षा भरलेला होता, पिकलेला. वर सज्जात पप्पा कठड्यावर ओणवे झाले होते, उजव्या कानामागे तळवा धरून. ते तो आवाज जपून ठेवणार होते. उन्हाळ्यानंतर कान मिटले की तोच आठवत बसणार होते, आणि तो माझा नव्हता. मला तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ओरडायलाही मला बंदी होती.

तिसऱ्या अंकात खिडकीशी उभी राहिले. ओळ सुरू झाली. मी श्वास घेतला, खरा, पाठीपर्यंत, कारण दुसऱ्या तऱ्हेने घेणं मला येतच नाही. मधोमध काट्रिनचा आवाज क्षणभर तुटला, तिने श्वास घेतला आणि पुढे गेली. मी घेतला नाही. ध्यानात होतं, तरी घेतला गेला नाही. माझ्या बरगड्या ओळ संपेपर्यंत हळूहळू मिटत गेल्या, अंगणातल्यासारख्या.

शेवटी काट्रिन काळ्या कपड्यांत पुढे आली, आम्ही हात धरून वाकलो. तिच्यासाठी टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पप्पा उभे राहून, हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते. दिग्दर्शकांनी आत आल्यावर पाठ थोपटली आणि म्हणाले, फक्त एका जागी चुकलीस.

पप्पा खाली आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मोठं काम केलंस, पोरी," एवढंच म्हणाले. ती काळ्या कपड्यांतली बाई कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, थिएटरच्या कुणी मोठ्या बाई असतील असं त्यांनी धरलं.

मी घशाला हात लावला, मान हलवली, कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"बोलू नको," पप्पा म्हणाले. "घसा जप. वाजवून झाल्यावर मी पण बोलतो का?"

ट्राममध्ये मी मोबाइलवर सगळं मराठीत लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डोळे बारीक केले, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "चष्मा खोलीवर राहिला," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. खोलीवर आल्यावर जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी कागद आणि पेन घेऊन बसले, तर ते चहाचा कप उचलून उठले आणि येरझाऱ्या घालत नगरच्या गोष्टी सांगायला लागले. त्यांच्या जागी बँडमध्ये आता कोण वाजवतं, त्याचा सूर कसा फाटका लागतो, आत्याच्या गुडघ्याचं काय झालं. पप्पा एरवी मोजकं बोलणारे. मला वाटलं, आनंदाने बोलतायत. त्या आनंदात मी तो कागद कुठे घुसवू? पेन हातात घेऊन नुसती ऐकत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना स्टेशनवर पोहोचवायला गेले. फ्रँकफर्टला आमच्या चर्चच्या ओळखीतली एक नर्स होती, ती त्यांना विमानात बसवून देणार होती. गाडी लागलेली होती. डबा कोणता ते बघायला पप्पांनी तिकीट बाहेर काढलं, मग कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

मी चष्म्याकडे बघत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिकीट घडी करून परत खिशात ठेवलं.

"ती बाई कुठं उभी व्हती?" त्यांनी विचारलं. "मला काय दिसली नाही."

मी हाताने दाखवलं, खाली, तुमच्या पायाखाली.

"तरी म्हणलं." त्यांनी मान डोलावली. "पहिल्यांदा नाही कळलं. आवाज ग्वाड व्हता, म्हणलं पोरीचा असा झाला असंल. मंग ती खिडकीपाशी लांब ओळ आली बघ. आवाज मधी तुटला आन् तू नाही तुटली. तुझ्या बरगड्या मला वळखू येत नाहीत व्हय?"

माझ्या तोंडून आवाज निघेल अशी मला भीती वाटली. मी दातांनी ओठ धरला.

"तू किती डाव सांगाया बघत व्हतीस. मी म्हणलं, राहू दे. सांगताना तुला रडू आलं असतं. घशाला ते चांगलं नाही." मग जरा दटावून म्हणाले, "आता बी रडायचं नाही."

त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं आणि जाड कोटावरून माझ्या पाठीवर तळवा ठेवला, कमरेच्या जरा वर. "ती ओळ घे. आवाज नको. नुसती घे."

फलाटावर लोक बॅगा ओढत जात होते. मी श्वास घेतला आणि पप्पांचा हात मागे गेला. मनातल्या मनात मी ती ओळ सुरू केली. मधली जागा आली आणि गेली. हात हळूहळू आत येत राहिला, आणि ओळ संपली तेव्हा पुरता आत आला होता.

"पूर्ण झाली," पप्पा म्हणाले.

गार्डने शिटी वाजवली. ते पायरीवर चढले आणि दारातच वळले. आता त्यांचा चेहरा अंगणातल्या मास्तरचा नव्हता, एखाद्या भिडस्त पाहुण्याचा होता.

"खरं सांग. तुझा आवाज चांगला झालाय ना?"

मी मान हलवली. हो.

"त्या बाईपेक्षा?"

काट्रिनचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. मी मान हलवली. हो.

"मंग झालं," ते म्हणाले, आणि दार बंद झालं.

घसा बरा व्हायला सहा आठवडे लागले. उन्हाळ्यापर्यंत साथ देईल म्हणाले होते, पण उजवा कान मार्चमध्येच गेला. एप्रिलमध्ये मी ती भूमिका स्वतःच्या आवाजात गायले आणि ती ओळ एका श्वासात पूर्ण केली. फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, त्यांना कसं कळवू, थांब, हाताने सांगते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी बऱ्याच शहरांतून गायले, बरंवाईट सगळं. नगरला घरी गेले की चहा झाल्यावर पप्पा खुर्ची माझ्याजवळ ओढतात आणि विचारतात, "आवाज चांगला हाये ना?" मी मान हलवते. आता माझा घसा ठणठणीत आहे, हवं ते बोलू शकते, पण बोलून काही उपयोग नसतो.